टेस्टर पाहिजेत, पण बोलवायचं कुणाला?

मागच्या अंकात सहज लिहिलं होतं की घरी बसून छंद म्हणून सॉफ्टवेअर बनवणारे कुणी वाचक असतील तर कळवा. पत्रं बरीच आली आणि गंमत म्हणजे त्यातले बरेचसे फोटो एडिटिंगवालेच निघाले. सगळ्यांचं दुखणं साधारण एकच, बनवून तर झालं, आता तपासायला माणसं कुठून आणायची? म्हणून या वेळी दुसरे विषय बाजूला ठेवलेत.

प्रश्न : ताई, मी इचलकरंजीला एका सूतगिरणीच्या ऑफिसात अकाउंट्स बघतो. व्हिडिओ बघून बघून पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकलो आणि दोन वर्षं रात्री जेवणं झाली की बसून विंडोजवर चालणारं एक छोटं फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर केलंय. जुन्या फोटोवरचे ओरखडे काढणं, परीक्षेच्या फॉर्मला लागतो तसा फोटो आणि सही बारीक करणं, फोटोवर मराठीत नाव टाकणं, एवढं जमतं. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चाळीस जणांना पाठवलं, "टेस्ट करून सांगा रे" म्हणून. दोघं म्हणाले "भारी भावा", एकाने नुसता अंगठा टाकला, बाकी सामसूम. आता अजून मोठ्या ग्रुपवर टाकू का?

अजिबात नको. "भारी भावा" म्हणजे उघडलं नाही असं समजा, मी पण कित्येकांना असंच म्हटलंय, खोटं कशाला बोलू. त्या चाळीस जणांचं काही अडलेलं नव्हतं हो, त्यांना फोटो एडिटच करायचा नव्हता, मग ते तपासणार काय? मित्राला बोलावलं की तो तुमच्यासाठी येतो आणि तुमचं मन राखून परत जातो. काम अडलेला माणूस मात्र स्वतःसाठी येतो, त्यामुळे तो चिडतो, आणि तुम्हाला हवंय ते नेमकं ते चिडणं.

आता तुमच्याच गावात बघा. जिथे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतात असं कुठलंही दुकान घ्या. बँकांच्या नोकरभरतीसाठी असलेल्या आयबीपीएसच्या परीक्षेला फोटो 200 बाय 230 पिक्सेल आणि 20 ते 50 केबीमधे बसवायचा, सही 140 बाय 60 आणि 10 ते 20 केबीमधे, हे तो दुकानदार सीझनला दिवसभर करत असतो, समोर पोरांची रांग, त्यात साइट अडकलेली. त्याच्यापुढे तुमचं सॉफ्टवेअर ठेवलंत तर पाचव्या मिनिटाला सांगेल की सेव्ह करायला चार क्लिक लागतायत, मला एकात पाहिजे. ही गोष्ट शाळेच्या ग्रुपमधून वर्षभरात कळली नसती.

दुसरा माणूस फ्लेक्सच्या दुकानातला. वाढदिवसाचे बोर्ड करणारा ऑपरेटर हा माझ्या मते महाराष्ट्रातला सगळ्यात बिलंदर फोटो एडिटर आहे, त्याला रात्री अकरा वाजता कुणाचा तरी अर्धवट कापलेला फोटो येतो आणि सकाळी सातला बोर्ड चौकात लागायचा असतो. त्याच्याकडच्या फायली तुमच्या सॉफ्टवेअरला घाम फोडतील. प्रिंटिंगसाठी केलेल्या सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगांत साठवलेल्या जेपीजी असतात, बऱ्याच छोट्या सॉफ्टवेअरमधे त्या उघडल्या की रंग चक्क उलटे होऊन निगेटिव्हसारखे दिसतात. शिवाय तो मराठी मजकूर श्रीलिपी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधे टाइप करत असेल तर तिथून कॉपी करून तुमच्याकडे पेस्ट केला की नुसती चित्रविचित्र अक्षरं, कारण त्यातले जुने फॉन्ट युनिकोडचे, म्हणजे सगळीकडे सारखेच वाचले जाणारे, नाहीत. हा तुमच्या सॉफ्टवेअरचा दोष नाही पण त्याच्या दृष्टीने "हे चालत नाही" हेच खरं, तेव्हा तिथे काय सांगायचं ते आधी ठरवून ठेवा.

आणि तिसरं कुणीतरी असं शोधा की ज्यांच्या घरी आजोबांच्या काळचे अल्बम आहेत आणि स्कॅनर आहे.

बस, पहिल्या फेरीला असे चार-पाच जण पुरेत. जेकब निल्सन म्हणून वापरसुलभतेवर काम करणारे गृहस्थ आहेत, त्यांनी 2000 साली लिहिलं होतं की पाच जणांवर तपासलं तर वापरातल्या अडचणींपैकी साधारण 85 टक्के अडचणी सापडतात. आकडा तंतोतंत धरून बसू नका, त्यावर पुष्कळ वाद झालेत, पण रोख बरोबर आहे. पहिल्या पाच जणांना जो खड्डा लागतो तोच पुढच्या पस्तीस जणांना लागणार असतो, मग पस्तीस जणांना त्यात पाडायचं कशाला, आधी तो बुजवा आणि मग नवीन पाच जण बोलवा.

आमंत्रण कसं लिहायचं हेही विचारलंय बऱ्याच जणांनी. "टेस्ट करून सांगा" यात काम काय आहे तेच कळत नाही. मी लिहिलं असतं तर साधारण असं लिहिलं असतं :

"नमस्कार. मी फावल्या वेळात फोटो एडिटिंगचं एक सॉफ्टवेअर बनवतोय, ते अजून कच्चं आहे. पाच माणसं हवी आहेत ज्यांना परीक्षेच्या फॉर्मसाठी फोटो बारीक करावे लागतात. तुमचेच कुठलेही तीन फोटो घ्यायचे आणि फॉर्मच्या मापात बसवायचे, अर्ध्या तासाचं काम आहे. विंडोज 10 किंवा 11 लागेल. आयफोनचे हेइक प्रकारचे फोटो अजून उघडत नाहीत, आणि फार मोठ्या स्कॅनला मधेच अडकतं, हे मला माहीत आहे. तुमचा मूळ फोटो बदलला जाणार नाही, नवीन फाइल वेगळ्या फोल्डरमधे तयार होते. जमलं तर मी शेजारी बसेन, नाहीतर फोनवर असेन. छान आहे म्हणायची गरज नाही, कुठे अडलात तेवढं सांगा."

काय चालत नाही ते आधीच लिहायला लोक घाबरतात, की मग कोण येईल. उलट आहे. लग्नाला बोलावताना आपण सांगतोच की, गाव आडबाजूला आहे, एसटी दोनच आहेत, गाडी आणा. न सांगता बोलावलं तर माणूस फाट्यावर उभा राहून शिव्या घालतो.

शेजारी बसाल तेव्हा मात्र तोंड बंद. ही फार अवघड गोष्ट आहे. समोरचा भलतीकडेच बटण शोधत असतो आणि आपल्याला राहवत नाही, हात पुढे जातो, "अहो तिथे नाही, वर वर!" आणि संपलं, टेस्टिंगच्या ठिकाणी शिकवणी सुरू झाली. कागद घ्या आणि तो कुठे थांबला, कुठे मागे फिरला, काय पुटपुटला एवढंच लिहा. पुटपुटणं सगळ्यात महत्त्वाचं.

बोलवायच्या आधी दोन-तीन गोष्टी मात्र घरीच तपासून घ्या, नाहीतर पाचही जण एकच तक्रार करतील. पहिली म्हणजे मोबाइलवर उभा काढलेला फोटो. बरेच फोन फोटो आडवाच साठवतात आणि सोबत फक्त एक चिठ्ठी ठेवतात की दाखवताना फिरवून दाखवा, ती चिठ्ठी तुमच्या सॉफ्टवेअरने वाचली नाही की नवरदेव आडवा. पायथनमधे तुम्ही पिलो ही फोटोंवर काम करणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरत असणार, त्यात एक्झिफ ट्रान्सपोज म्हणून तयार सोय आहे, ती लावा. दुसरी, मराठी अक्षरं. पिलोची साधी मांडणी देवनागरी नीट जोडत नाही, "किती" लिहिलं की पहिली वेलांटी क च्या डावीकडे न बसता उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात, त्याला राकम नावाची लायब्ररी जोडावी लागते. "श्री", "ज्ञानेश्वर", "दऱ्याखोऱ्या", "कॅमेरा" एवढे चार शब्द टाकून बघा, तिथे टिकलं तर बाकी बहुतेक टिकतं. फाइलचं नावच "आजीचा फोटो" असं मराठीत असेल तरी उघडते ना, तेही बघा.

आणि आमंत्रणात मोठं स्कॅन अडकतं असं घातलंय ना, त्याचा हिशोब सोपा आहे, अकाउंट्सवाले आहात म्हणून सांगते. ए-फोर पान 600 डीपीआयला, म्हणजे इंचाला 600 ठिपके धरून, स्कॅन केलं की होतात साधारण 4960 बाय 7016, म्हणजे साडेतीन कोटींच्या आसपास पिक्सेल. प्रत्येकाला चार बाइट धरले तर मेमरीत जवळपास 139 एमबी. तुम्ही अनडूसाठी, म्हणजे केलेलं मागे घेता यावं म्हणून, प्रत्येक पायरीला पूर्ण फोटोची कॉपी ठेवत असाल तर दहा पायऱ्यांत 1.4 जीबी गेले, आणि दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरला रॅम असते 4 जीबी. तुमच्या लॅपटॉपवर हे कधी दिसणार नाही. म्हणून तर दुसऱ्याच्या मशीनवर जायचं.

प्रश्न : नाशिकहून लिहितोय. मी पण असंच एक सॉफ्टवेअर केलंय पण डाउनलोड केल्यावर विंडोज निळी पाटी दाखवतं की तुमचा पीसी वाचवलाय म्हणून, आणि एकाच्या अँटीव्हायरसने तर फाइलच उडवली. लोकांना अँटीव्हायरस बंद करायला सांगू का?

नाही, नाही आणि नाही. लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके, म्हणजे मोबाइल ॲपची फाइल उघडली आणि खात्यातले पैसे गेले, वाहतुकीच्या चलानच्या नावाने तसंच, हे आपण पेपरात किती वेळा वाचलंय, आणि पोलीस कानीकपाळी ओरडून सांगतायत की अनोळखी फायली उघडू नका. तुमची फाइल न उघडणारा माणूस आळशी नाही, शहाणा आहे. त्याला अँटीव्हायरस बंद करायला लावलंत तर तुम्ही त्याला पुढच्या चोरासाठी तयार करताय.

पाटी येते कारण फाइलवर ओळखीच्या प्रकाशकाची डिजिटल सही नाही आणि ती फार लोकांनी उतरवलेलीही नाही, त्यामुळे विंडोजला भरवसा नाही. सहीचं सर्टिफिकेट विकत मिळतं, छंदासाठी ते महाग वाटेल, आणि घेतलं तरी पाटी लगेच जाईलच असं नाही. पायथनचा प्रोग्राम पायइन्स्टॉलर या साधनाने एकाच एक्झी, म्हणजे थेट चालणाऱ्या फाइलमधे बांधला असेल तर अँटीव्हायरस उगाचच संशय घेतात हे माहीत असलेलं दुखणं आहे, एका फाइलऐवजी पूर्ण फोल्डर करून दिलं तर पुष्कळदा त्रास कमी होतो. पहिल्या पाच जणांना तर प्रत्यक्ष भेटून, तुमच्या पेनड्राइव्हवरून, तुमच्यासमोर लावून द्या. माणूस ओळखीचा आहे हीच तिथे सही. पुढे जमलं तर ब्राउझरमधे चालणारं करा, काही उतरवायलाच नको. फोटोपी हे फोटो एडिटर बघितलंय ना, ते इव्हान कुत्स्कीर या एकट्या माणसाने सुरू केलेलं आहे आणि ब्राउझरमधेच चालतं.

प्रश्न : मी नांदेडला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अँड्रॉइडसाठी फोटोवर फ्रेम लावायचं ॲप केलंय. प्ले स्टोअर म्हणतं आधी बारा टेस्टर चौदा दिवस पाहिजेत. काही ग्रुप आहेत तिथे मी तुझं ॲप टाकतो तू माझं टाक असं चालतं. करू का?

नियम असा आहे की 13 नोव्हेंबर 2023 नंतर काढलेलं वैयक्तिक अकाउंट असेल तर ॲप सगळ्यांसाठी खुलं करायच्या आधी बंद गटात टेस्टिंग करावं लागतं. सुरुवातीला वीस टेस्टर लागायचे, डिसेंबर 2024 मधे ते बारा केले, आणि ते बारा जण सलग चौदा दिवस गटात राहिले पाहिजेत. त्यानंतर अर्ज करताना गूगल विचारतं की टेस्टरनी काय सांगितलं आणि तुम्ही काय बदललं.

अदलाबदलीच्या ग्रुपवर बारा नावं मिळतील, पण त्या बारा जणांनी तुझं ॲप टाकून फोन खिशात ठेवलेला असेल, मग त्या प्रश्नांना उत्तर काय देशील? कॉलेजमधे गणपती बसतो ना, मंडळाचे फोटो फ्रेम लावून टाकणारी पोरं असतातच, त्यातली पंधरा घे. बारा नको, पंधरा, कारण दोघं तिघं मधेच ॲप काढून टाकतात किंवा फोन बदलतात आणि मग संख्या बाराच्या खाली गेली की पंचाईत. वेगवेगळे फोन निवड, स्वस्तातला जुना एखादा हवाच. आणि त्यांचे फोटो सर्व्हरवर पाठवत असशील तर तसं आधी सांग, नसशील तर तेही सांग.

प्रश्न : सगळे म्हणतात फोटोशॉप असताना हे कशाला? (सोलापूर)

म्हणू देत. फोटोशॉप पण असंच सुरू झालं. 1987 मधे थॉमस नोल हा मिशिगन विद्यापीठात पीएचडी करणारा मुलगा, त्याने काळ्या-पांढऱ्या स्क्रीनवर करड्या छटांचे फोटो दिसावेत म्हणून एक प्रोग्राम लिहिला, नाव डिस्प्ले. त्याचा भाऊ जॉन सिनेमाच्या स्पेशल इफेक्ट्सच्या कंपनीत कामाला. म्हणजे पहिला टेस्टर घरातलाच, पण नुसता भाऊ म्हणून नाही, चित्रांचं रोजचं काम करणारा, त्यामुळे हे पाहिजे ते पाहिजे असा तगादा लावणारा. ॲडोबीने फेब्रुवारी 1990 मधे बाजारात आणायच्या आधी बार्नीस्कॅन नावाच्या स्कॅनरबरोबर त्याच्या जेमतेम दोनशे कॉप्या गेल्या होत्या. गिम्प हे फुकट मिळणारं फोटो एडिटर तर बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी, स्पेन्सर किमबॉल आणि पीटर मॅटिस यांनी 1995 मधे सुरू केलं. पहिलं व्हर्जन मोटिफ या लायब्ररीवर होतं, ती फुकट नव्हती, मग त्यांनी बटणं-खिडक्या काढायची स्वतःचीच लायब्ररी लिहिली, जीटीके, आणि पुढे लिनक्सचा गनोम हा डेस्कटॉप त्या जीटीकेवर उभा राहिला.

तुमचं तसं होईल असं मी म्हणत नाही. "कशाला" विचारणारा माणूस टेस्टर नाही एवढंच, त्याला चहा पाजा आणि सोडून द्या.

प्रश्न : मी रत्नागिरीची, निवृत्त शिक्षिका. माझ्या भाच्याने फोटो सुधारायचं काहीतरी केलंय आणि मला म्हणतो मावशी तू टेस्टर. मी आमच्या दादांचा जुना फोटो उघडला, तो भलताच पिवळा दिसला आणि मग एकदम सगळं बंद पडलं. मला वाटलं माझंच काही चुकलं. त्याला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. काय सांगू?

काकू, तुमचं काही चुकलेलं नाही, आणि हे न सांगणं म्हणजे विद्यार्थ्याच्या वहीत चूक दिसूनही लाल शाई न वापरण्यासारखं झालं, तुम्ही शाळेत असं कधी केलं असेल असं वाटत नाही! अगदी साधं सांगा : मी काय करत होते, मला काय व्हायला हवं होतं, आणि झालं काय. उदाहरणार्थ, "फोटो उघडला, उजेड वाढवायचं बटण दोनदा दाबलं, फोटो पिवळा झाला, मग सेव्ह दाबलं आणि खिडकी गायब." एवढं पुरे. जमल्यास परत तेच करून बघा आणि परत तसंच झालं की नाही तेही सांगा, त्याच्यासाठी ते सोन्यासारखं आहे. स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो पण चालेल, वाकडा असला तरी.

फोटोच पाठवायचा असेल तर एक करा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि त्याच्या आत लपलेली माहिती निघून जाते, मग भाच्याकडे गेल्यावर तो नीटच उघडतो आणि तो म्हणतो "मावशी, माझ्याकडे तर चालतंय". म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मोबाइलने काढलेला फोटो असेल तर त्यात तो कुठे काढला ते ठिकाणही असू शकतं, भाच्याला कळलं तर हरकत नाही, पण परक्या कुणाला पाठवताना विचार करा. दादांचा फोटो स्कॅन केलेला आहे, त्यात तसं काही नसणार.

अजून एक, आणि हे मी पोळलेली आहे म्हणून सांगते. माझ्या ओळखीच्या एकाने असंच एक सॉफ्टवेअर करून मला तपासायला दिलं होतं. मी उत्साहाने सासूबाईंच्या लग्नाचं स्कॅन त्यात उघडलं, जरा कोपरे नीट केले आणि सेव्ह दाबलं. त्या सॉफ्टवेअरने मूळ फाइलीवरच सेव्ह केलं, आणि तेही बोटभर साइजचं करून. अल्बम तोवर बेळगावला नणंदेकडे परत गेलेला, कॉपी ठेवलेली नव्हती. ती बिचारी पुढच्या दिवाळीला तो अल्बम परत घेऊन आली, तेव्हा कुठे सासूबाईंना सांगायची माझी हिंमत झाली. त्या बनवणाऱ्याला मी हे त्याच दिवशी कळवलं होतं म्हणून निदान बाकीच्यांचे फोटो वाचले.

तेव्हा दादांच्या फोटोची आधी पेनड्राइव्हवर एक कॉपी काढून ठेवा, काकू, आणि मग भाच्याला फोन लावा. पिवळा झाला म्हणाल तेव्हा केवढा पिवळा तेही सांगा, हळदीसारखा की जुन्या कागदासारखा, त्यावरून त्याला बरंच कळेल.